मोटारीबाहेरचा माणूस

"पाय हलवता येतायत का?" अँब्युलन्समधून आलेल्या रीक्काने पुन्हा विचारलं. मोटारीत अडकलेल्या म्हातारीने डोळे उघडले नाहीत. रीक्काने तिचा बूट काढून तळव्याला जोरात चिमटा घेतला. काहीच नाही.

"ते आधीपासूनच तसे आहेत," मागून कुणीतरी म्हणालं. "कित्येक वर्षं झाली. चाकाच्या खुर्चीत असते ती."

रीक्काने वळून पाहिलं. बर्फात एक म्हातारा उभा होता. तौनो, मोटारीतल्या हेल्वीचा नवरा. मोटार तोच चालवत होता. फाटक नसलेल्या क्रॉसिंगवर चाक रुळांमधल्या फळ्यांवरून घसरून अडकलं, आणि वासा शहराकडून आलेल्या ट्रेनने मोटार फरफटत नेऊन शेताच्या बांधावर टाकली. हेल्वी बसली होती ती बाजू पार चेपली होती. ट्रेनच्या चालकाने आधीच ब्रेक दाबले होते, म्हणून ती जिवंत तरी होती. तौनो मात्र धडधाकट उभा होता. फक्त गालावर नखांचे ताजे ओरखडे होते.

"तुम्ही बाहेर कधी पडलात?"

"आधी."

"आणि या आत कशा राहिल्या?"

तौनो मोटारीच्या चेपलेल्या बाजूकडे वळला.

अँब्युलन्स चालवणारा यर्मो ऑक्सिजनची नळकांडी घेऊन आला आणि रीक्काच्या कानाशी पुटपुटला, "बायकोचं करून करून थकला असेल. बरी संधी सापडली."

"गप्प बस," रीक्का म्हणाली. पण तिच्याही मनात तेच आलं होतं.

हेल्वीचे ओठ निळे पडू लागले. छातीची उजवी बाजू हलेना. फासळ्या मोडून फुप्फुसाबाहेर हवा कोंडली होती. रीक्काने बरगड्यांच्या मधे सुई खुपसली. फुस्स करून हवा बाहेर आली आणि श्वास थोडा मोकळा झाला. अग्निशमनवाले छप्पर कापायला लागले. तेवढ्यात तौनो खिडकीशी आला आणि बायकोच्या कानाशी वाकला.

"असं करायला नको होतंस तू," तो दात आवळून म्हणाला. "याची माफी नाही मिळायची तुला. ऐकतेयस ना?"

रीक्काने त्याचा दंड धरून त्याला मागे ओढलं. "लांब व्हा! पुन्हा जवळ यायचं नाही."

हेल्वीला अँब्युलन्समध्ये घेतलं तेव्हा तोही चढायला आला.

"जागा नाही," रीक्का म्हणाली. जागा होती.

त्याला पोलिसांनी आपल्या गाडीतून इस्पितळात आणलं. हेल्वीवर शस्त्रक्रिया चालू असताना ते त्याला प्रश्न विचारत राहिले. त्याचं एकच उत्तर: "मला नाही बोलायचं. तिलाच विचारा." ती शुद्धीवर येणार नाही अशी याची खात्री दिसतेय, असं रीक्काला वाटलं. तिने वॉर्डमधल्या नर्सला बजावलं, या माणसाला आत एकट्याला सोडू नका. तो कॉरिडॉरमध्ये बसून राहिला, अंगातला कोटही न काढता.

दुसऱ्या दिवशी दुपारी हेल्वीच्या घशातली नळी काढली. ड्युटीवर जाण्याआधी रीक्का तिच्याकडे गेली. दार लावून घेतलं, खुर्ची पलंगाला भिडवली.

"हेल्वी, तुमचा नवरा बाहेर बसलाय. तुम्ही नको म्हणालात तर तो आत येणार नाही. इथे घाबरायचं कारण नाही. तो तुम्हाला टाकून पळाला ना?"

हेल्वी तिच्याकडे बघतच राहिली. मग घोगऱ्या आवाजात म्हणाली, "पळतोय कसला! काखेत हात घालून किती ओढलं त्याने मला. मोटार माझ्या बाजूला कललेली, आणि मी ही अशी धोंड्यासारखी. हलेना. ट्रेनचा भोंगा ऐकू आला. म्हटलं, तौनो, जा आता. तर फिरून आला आणि आपल्या जागेवर बसला. दार ओढून घेतलं. पट्टासुद्धा बांधला, मूर्खाने! माझा हात धरला आणि म्हणाला, चल, इथेच बसू."

तिला धाप लागली. रीक्काने पाण्यात बुडवलेला बोळा तिच्या ओठांना लावला.

"खुर्ची ढकलून ढकलून हात तेवढे दणकट राहिलेत माझे," हेल्वी म्हणाली. "त्याचा पट्टा काढला, दार उघडलं. जाईना. मग ओरबाडलं, बुक्के मारले, ढकलून दिलं बाहेर." तिच्या डोळ्यांतून पाणी कानांकडे ओघळलं. "इतकी वर्षं संसार केला, बाई. त्याच्यावर हात काल पहिल्यांदा उचलला."