करंजाचं तेल

"आबा, आता जोरात दुमडा!" रेवतीनं कातडं वडिलांच्या हातात दिलं.

रसायनशास्त्र शिकून ती वडिलांच्या चपलांच्या कारखान्यात परतली होती. कातडं मऊ करणारं तेल तिला गावातल्याच करंजाच्या बियांपासून बनवायचं होतं. पण ते पाण्यात मिसळतच नव्हतं. वर तरंगायचं आणि कातडं कडक राहून तडकायचं. "आता एकच कातडं देतो," आबांनी बजावलं होतं.

या वेळी तेल तापू नये म्हणून तिनं त्याचं भांडं बर्फात ठेवलं आणि तेलात आम्ल थेंबथेंब सोडलं. आम्लानं तेलाचा गुण बदलला; ते पाण्यात मिसळून दुधासारखं झालं, कातड्यात मुरलं.

आबांनी वाळलेलं कातडं दुमडलं, पिळलं, गालाला लावलं. कुठेही चीर नव्हती.

"अगं, लोण्यासारखं झालंय!" ते ओरडले आणि त्यांनी कातडं कापायची रापी उचलली. "पाय ठेव या कातड्यावर. पहिला जोड तुझ्याच मापाचा!"