मामांची भीती

राजीनामा लिहून झाला होता. सही केली होती, तारीख तेवढी टाकायची राहिली होती. तो पर्समध्ये घालून ती हॉस्पिटलच्या फाटकाशी उभी होती आणि समोरच्या पटांगणात शे-दोनशे कबुतरं दाणे टिपत होती.

पाखरांची भीती तिला लहानपणापासूनची. दिवसभर लोकांच्या हाताला सुई टोचून रक्त काढणारी ही बाई चिमणी दिसली की रस्ता बदलते, यावर घरीदारी सगळ्यांचं हसून झालं होतं. तीही हसायची. पण कपडे घरातच वाळवायची, खिडक्यांना जाळ्या लावून घ्यायची, बाजाराला लांबच्या रस्त्याने जायची. असं सांभाळून बरं चाललं होतं. मग लॅब पटांगणापलीकडच्या नव्या इमारतीत हलली. तिकडे जायला दुसरी वाट नव्हती. तीन दिवस तिने रजा काढली आणि चौथ्या दिवशी राजीनामा लिहिला. बारा वर्षांची नोकरी होती, आणि तिचा त्या कामावर फार जीव होता.

"ताई, जरा थांबता का?"

मागे लॅबचे मामा उभे होते. रक्ताच्या बाटल्या वॉर्डातून आणणं हे त्यांचं काम. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, झुबकेदार मिशा, अंगात बारा महिने तोच करडा स्वेटर.

"कुणाला सांगू नका," ते हळूच म्हणाले, "पण या पाखरांची मला फार धडकी भरते. तीन दिवस कसाबसा पळत गेलो. तुम्ही बरोबर असलात तर..."

"मी?" तिला हसू आणि रडू एकदमच आलं. "अहो मामा, मीच अर्धा तास झाला इथे उभी आहे!"

"मग दोघं मिळून घाबरू की."

मामांनी तिचं कोपर धरलं. "पाय आपटायचे नाहीत. मध्येच थांबायचं नाही. त्यांच्याकडे टक लावून बघायचं नाही. भित्र्या माणसाला हे सगळं शोधून काढावंच लागतं, ताई." एवढं सांगून त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले. आता दोघांपैकी कुणाला तरी डोळे उघडे ठेवणं भाग होतं. ती चालू लागली. मामांचे ओठ हलत होते. देवाचं नाव घेत असावेत.

पटांगण संपलं. ती पलीकडे पोचली होती. तारीख उद्या टाकू, असं तिने ठरवलं.

उद्याचं परवावर गेलं, परवाचं पुढच्या आठवड्यावर. रोज पावणेनऊला मामा फाटकाशी वाट बघत असायचे. वॉर्डबॉय मंडळींना तर आयतीच करमणूक मिळाली. "मामा, मिशा उतरवा आता!" "ताईंचं बोट सोडू नका हं, हरवाल!" मामा मान खाली घालून हसायचे. तिला मात्र कुणी काही म्हणत नसे. हसायला मामा होते ना.

कबुतरंही अशी चावट, की नेमकी मामांच्याच पायात घोटाळायची.

"घाबरणाऱ्याला बरोबर ओळखतात बघा," ती म्हणायची.

"नाही तर काय!" मामा म्हणायचे.

एकदा तिचं लक्ष त्यांच्या स्वेटरकडे गेलं. दोन्ही खांद्यांची वीण उसवून दोरे लोंबत होते. "मामा, खांद्यावर काय पोती वाहता की काय?"

"नातवंडं हो, ताई. एकदा चढली की उतरायचं नावच घेत नाहीत."

चौथ्या महिन्यात ते झालं. पटांगणाच्या मधोमध एक कबुतर फडफडत आलं आणि थेट मामांच्या खांद्यावर बसलं. मामा जागच्या जागी थिजले. पाखराची चोच त्यांच्या कानाशी. पुढे काय झालं ते तिला नीटसं आठवत नाही. आपण ओरडलो, पर्स गरगर फिरवली, त्या कबुतराला हाकललं आणि त्याच्यामागे दहा पावलं धावलोही, एवढंच आठवतं. भानावर आली तेव्हा ती कबुतरांच्या घोळक्यात उभी होती, एकटी. मामांच्या डोळ्यांत पाणी होतं. बिचारे किती घाबरले, असं तिला वाटलं आणि त्यांची फार दया आली.

त्या संध्याकाळी तिने राजीनामा फाडून टाकला.

नंतर ती एकटीही पटांगण ओलांडू शकली असती, पण मामांसाठी थांबायची. पुढची दीड वर्षं तिने त्यांना रोज सुखरूप पलीकडे नेलं. आपण कुणाच्या तरी उपयोगी पडतोय याचा तिला मनातून अभिमान होता.

"तुमची भीती काही मला घालवता आली नाही," निवृत्तीच्या दिवशी ती हळहळून म्हणाली.

"असू दे, ताई. या वयात कुठे जायची ती आता?"

जाताना मामा स्वेटर खुंटीवरच विसरले. तिने तो धुतला, खांदे नीट विणून घेतले, नातवंडांसाठी रंगीत खडूंची पेटी घेतली आणि रविवारी सकाळी पत्ता शोधत त्यांच्या घरी गेली. तिसरा मजला, वर गच्ची. दार मामींनी उघडलं.

"तुम्हीच ना त्या लॅबमधल्या ताई? या, बसा. रोज तुमचंच कौतुक असतं आमच्याकडे."

घर नीटनेटकं, शांत होतं. तिने खडूंची पेटी पुढे केली. "नातवंडं कुठे गेली?"

"नातवंडं?" मामी गोंधळल्या. "अहो, आम्हाला मूलबाळच नाही." मग त्यांची नजर तिच्या हातातल्या स्वेटरकडे गेली, दुरुस्त केलेल्या खांद्यांकडे, आणि त्या तोंडाला पदर लावून हसू लागल्या. हसतहसतच जिन्याशी गेल्या आणि त्यांनी वर हाक मारली,

"अहो, ऐकलंत का? ताई आल्यात! खांद्यावरची कबुतरं आधी आत कोंडा, आणि मगच खाली या!"