भूपेंद्रचं दुकान

पंचनाम्याची पहिली ओळ पुरी व्हायच्या आत लोटन बेलीफ तीनदा शिंकला. त्याच्यामागून दोन्ही पंच शिंकले, मग बंदोबस्ताला आलेला हवालदार. गाळ्याचा मालक पितांबरशेठ, त्याने नाकाला लावलेला रुमाल काढलाच नाही. दोंडाईच्याच्या बाजारातल्या या गाळ्यात प्रमिलाबाईने अर्धी हयात मिरची कांडली होती. कांडपाचा डंका काल हातगाडीवरून गेला; भिंतींनी पिऊन घेतलेली मिरची कोणत्या गाडीवर घालणार?

ती स्वतः शटरपाशी उभी होती. डोळ्याला पाण्याचा टिपूस नाही. हेच शेठला खटकत होतं. बाई शटरखाली आडवी पडेल, बोटं मोडेल, या हिशेबानेच तर त्याने पोलीस मागून घेतला होता. तिने मात्र आपल्या हाताने कुलूप काढलं, किल्ली पदराला पुसली आणि बेलीफच्या हातावर ठेवली. माणूस इतक्या गोडीने हरायला लागला की जिंकणाऱ्याने आपला खिसा चाचपून बघावा. पितांबरशेठला तेवढी अक्कल होती, पण आज त्याला घाई होती. समोरच्या चहाच्या टपरीवर चाळीसगावचा साडीवाला कुंदन एका सुताराला घेऊन बसला होता, आणि सुताराच्या हातात मोजपट्टी होती.

"लोटनभाऊ, बठ्ठं लिखी ल्या," प्रमिलाबाई म्हणाली. "जागा कोनासाठी खाली करी, तेबी लिखा."

"सगळं लिहितोय. ते तर निकालातच आहे, अक्का." लोटनने नाक पुसलं. "मालकाचा मुलगा भूपेंद्र याला किराणा दुकान टाकायला. त्याला दुसरा कामधंदा नाही."

दावा लागला तेव्हा कामधंदा खरंच नव्हता. दावा चालता चालता भूपेंद्र नाशिकला एका कंपनीत चिकटला. एवढी एक बातमी कोर्टाला कळवायची बापाकडून राहून गेली. प्रमिलाबाईलाही ती निकालानंतरच लागली. आज तो रजा काढून, चेहरा दाखवण्यापुरता आला होता. संध्याकाळच्या गाडीने परत जायचं होतं.

"आनि यानी दुकान टाकंच नही तं?" तिने अगदी भोळेपणाने विचारलं.

लोटन सरकारी माणूस. विचारलं तर सांगायचं. "महिन्याच्या आत मुलाने इथे दुकान थाटलं पाहिजे. आणि वर्षभर दुसऱ्या कुणाला भाड्याने देता येणार नाही. तसं झालं तर तुम्ही कोर्टात अर्ज करायचा. जागा परत तुमच्या ताब्यात देता येते."

"जोरमा सांगा ना भाऊ. टपरीवर ऐकू जात नही."

लोटनने खरोखर जोरात सांगितलं.

कुंदनने हातातला कप अर्धाच खाली ठेवला आणि रस्ता ओलांडून आला. "शेठ, तुम्ही तर म्हणाले होते, पोरगा फक्त कागदावर आहे."

"अरे, हळू बोल."

"हळू कशाला? आता हवालदाराने पण ऐकलं." त्याने सुताराला हात केला. सुताराने मोजपट्टी गुंडाळून खिशात टाकली. "माझा इसार तेवढा घरी पोचवा. वर्षाने बघू. बाजार कुठे पळून चालला?"

दोघं मोटारसायकलवर बसून गेलेसुद्धा. पितांबरशेठ रुमालाआड पुटपुटला, "नावाला उघडू. चार बरण्या मांडायच्या, शटर वर करून ठेवायचं. कोण बघत बसणार आहे वर्षभर?"

"मी देखसू, शेठ," प्रमिलाबाई म्हणाली.

ताबा पावतीवर पहिली सही तिनेच केली. बेलीफ, पंच, हवालदार नाकं चोळत निघून गेले. आत बाप आणि लेक उरले.

"आबा, माझी नोकरी?" भूपेंद्रला मध्ये दोनदा शिंकावं लागलं.

"मुकाट्याने बस." शेठने शेजारच्या दुकानातून प्लास्टिकची खुर्ची मागून आणली आणि रिकाम्या गाळ्याच्या मधोमध ठेवली. "आजपासूनच बस. तिने कागद पुरा करून घेतलाय."

प्रमिलाबाई रस्ता ओलांडून टपरीवर गेली. तिने एक खुर्ची ओढली, गाळ्याकडे तोंड करून मांडली आणि चहा सांगितला. सासूच्या तेराव्यालाही ती एवढी ऐसपैस बसली नव्हती.

घटकाभराने जुनी गिऱ्हाईक बेबाबाई आली. डोक्यावर देठं खुडलेल्या मिरचीचं पोतं. गाळ्यात डंका नाही बघून ती टपरीपाशी वळली.

"अक्का, डंका कोठे मांडा?"

"मांगला गल्लीमा. मांडी ठेयेल शे."

"मंग चाल ना. उघड."

"आते नही."

"कधी मंग? मिरचीना दिन चालना ना निंघी!"

"पुढला साल," प्रमिलाबाई म्हणाली. तिची नजर गाळ्यावरून हलली नाही.

बेबाबाईला वाटलं, ही थट्टा. ती हसली. मग हसणं आवरून म्हणाली, "आनि तवलोंग खाशी काय, अक्का?"

प्रमिलाबाईने दुसरा चहा सांगितला. बेबाबाईने पोतं पुन्हा डोक्यावर चढवलं आणि दुसऱ्या डंक्याच्या वाटेला लागली.

ऊन सरकत प्रमिलाबाईच्या पायांवर आलं. टपरीवाला म्हणाला, "अक्का, खुर्ची मागे घ्या, सावली आहे." तिने खुर्ची उचलली आणि दोन हात पुढे, भर उन्हात मांडली. सावलीतून भूपेंद्र नीट दिसत नव्हता.