जास्तीची वाट

शिनोली सोडून दोन किलोमीटर झाले नाहीत तोच सोमनाथच्या छातीत ठोके सुटले. त्याने जीप कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"गाडी तापली," तो म्हणाला आणि बोनेट उघडून आत डोकं घातलं.

गाडीतल्या अकरा बायका जागच्या हलल्या नाहीत. त्या रोज त्याच्या जीपने मंचरच्या वखारीत बटाटे निवडायला जात. बोनेटच्या आड सोमनाथने नाक दाबलं, तोंड मिटलं आणि पोटातून जोर लावला. दोनदा काही झालं नाही. तिसऱ्यांदा छातीत टक्कन काहीतरी थांबलं आणि ठोके जाग्यावर आले. सहा मिनिटं गेली होती. त्याने कपाळ पुसलं, बोनेट लावलं आणि गाडी काढली.

असं दोन वर्षं चाललं होतं. महिन्यातून एकदा, कधी दोनदा. मंचरच्या डॉक्टरांना एकदा ठोके सुटलेले असतानाच ईसीजीची पट्टी काढता आली, तेव्हा ते मिनिटाला एकशे नव्वद भरले. डॉक्टरांनी कागदावर हृदय काढून दाखवलं. त्यात विजेची एक जास्तीची वाट होती, जन्मापासूनची. ठोका मधूनच त्या वाटेला लागायचा आणि तिथंच गोल फिरत राहायचा. उपाय दोन होते. रोज गोळी घ्यायची. त्रास कमी होईल, बंद होईलच असं नाही, आणि अंग जरा जड राहील. नाहीतर पुण्याला जाऊन मांडीच्या शिरेतून तार घालायची आणि ती वाट जाळून टाकायची. शंभरातले पंचाण्णव कायमचे बरे होतात. शंभरात एखाद्याची खरी वाटही भाजते. मग ठोके चालवायला छातीत बॅटरी बसवावी लागते.

"आणि याचा निकाल लागेपर्यंत गाडी चालवायची नाही," डॉक्टर म्हणाले.

सोमनाथने मान हलवली. मग बाहेर येऊन बायकोला, राजनंदिनीला, शेजारी बसवलं आणि जीप चालवत घरी आला.

"हे कुणाला सांगायचं न्हाई," वाटेत तो म्हणाला.

"बरं," राजनंदिनी म्हणाली.

त्याला आठ महिने झाले. सोमनाथ विचार करत होता. जड अंगाने दिवसाला दोन खेपा कशा मारायच्या? आणि बॅटरी बसली, तर गाडीत बसणार कोण? त्याने वडिलांना, राघूबाबांना, आडून विचारलं. त्यांची अजून चाळीस मेंढरं होती. ते म्हणाले, "रोज गोळी खाल्ली का माणूस आजारी पडतो. काय ते एकदाच करून टाकावं." चुलतभाऊ म्हणाला, बॅटरीवाल्याला खिशात मोबाईल ठेवता येत नाही. दोन्ही बाजू बरोबर वाटत होत्या. काहीच केलं नाही तर निदान आजची खेप होत होती. रोज सकाळी तो हाच तिसरा उपाय करत होता. तो डॉक्टरांनी सांगितला नव्हता.

पुढच्या सोमवारी घोडेगाव मागं पडल्यावर ठोके सुटले. गाडी कडेला घ्यायला जागा नव्हती. मागे उसाचा ट्रॅक्टर, पुढे ओढ्यावरची मोरी. सोमनाथने ठरवलं, मोरी ओलांडून थांबू. मग रस्ता पिवळा झाला, आणि मग काळा.

डोळे उघडले तेव्हा तो रस्त्याच्या कडेला आडवा होता आणि कुणीतरी तोंडावर पाणी मारत होतं. जीप मोरीच्या तोंडाशी तिरकी उभी होती. डावं चाक कठड्यापासून हातभर लांब. बायका खाली उतरल्या होत्या. कुणाला खरचटलंही नव्हतं.

सोमनाथने मनातल्या मनात हिशोब केला. इतकं होऊनही गाडी थांबली. म्हणजे गोळीवरही भागेल.

"पायाला वीस वर्सांची सवय हाय," तो पाणी मारणाऱ्या सरुबाईंना म्हणाला. त्या अकरा जणींत सगळ्यात मोठ्या होत्या. "डोळ्यापुढं अंधार आला तरी ब्रेक बराबर लागला."

"पाय तुझं ढिलं पडलं व्हतं," सरुबाई म्हणाल्या. "हँडब्रेक म्या वडला."

सोमनाथ कोपर टेकून उठून बसला.

"आठ महिनं झालं, आमी एकेक दिवस वाटून घेतलाय. रोज एक जण तुझ्या शेजारी बसती. आज माझा नंबर व्हता." त्यांनी तांब्यातलं उरलेलं पाणी त्याला प्यायला दिलं. "राजनंदिनी सांगून गेली. दवाखान्यातनं आलात ना, त्याच सांजच्याला. तू चहाला गेलास का आमी वडून बघायचो. पयल्यांदा लई जड जायचा."

सोमनाथने पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला. मग त्याने खिशातून फोन काढला आणि डॉक्टरांना लावला. "तारेचंच करू," तो म्हणाला. "गाडी आजपासनं बंद."

पुण्यात दोन तास लागले. बॅटरी लागली नाही. डॉक्टरांनी काही दिवस विश्रांती सांगितली, मग तपासून गाडी चालवायची परवानगी दिली. तेवढे दिवस चुलतभावाने खेपा मारल्या.

सोमनाथने पुन्हा गाडी काढली, त्या पहिल्या सकाळी शिनोलीत सरुबाई येऊन शेजारी बसल्या. सोमनाथने किल्ली फिरवली नाही. इतके दिवस त्याच्या मनात एकच गोष्ट घोळत होती.

"मावशी, तुमाला समदं ठावं व्हतं. मग दुसऱ्या गाडीनं का न्हाई गेलात? आपल्या फाट्यावरनं तर सकाळच्याला तीन गाड्या जात्यात."

"गेलो असतो की," सरुबाई पदर खोचत म्हणाल्या. "पर तू एकटाच गाडी घेऊन निघाला असतास."