पोटरीतला गोळा

फिजिओथेरपिस्ट मुलगा दिवसभर लोकांचे आखडलेले पाय मोकळे करून घरी आला, की आई हळूच पोटरी पुढे करायची. "गोळा आलाय रे, जरा बघतोस?"

"आई, आत्ता कुठे टेकलोय गं!"

एकदा वैतागून त्याने मॅग्नेशियमच्या गोळ्यांची बाटलीच तिच्या हातात ठेवली. "रोज एक घे. स्नायू सैल पडतात, झोप लागते, पोट साफ होतं."

त्यानंतर आईने पोटरीचं नाव काढलं नाही. तो पेशंटनाही छातीठोकपणे सांगू लागला, "माझ्या आईला महिन्याभरात गुण आला."

आज दवाखान्यात पडद्याआडच्या चार नंबरच्या पेशंटलाही त्याने कागदावरची तक्रार वाचत बाहेरूनच विचारलं, "पोटरीत गोळे येतात? मॅग्नेशियम घेऊन बघितलंत?"

"घेतेय की. झोप छान लागते, पोटही साफ होतं. पोटरी तेवढी ऐकत नाही."

त्याने झटकन पडदा सारला. "आई! तू इथे? घरी सांगायचंस ना!"

"घरी तू दमलेला असतोस रे," आई ओशाळून म्हणाली. "इथे नंबर लावला की कुणालाच परत पाठवत नाहीस."