नव्या धक्क्याचा उतार

"आयेचा हात वर गेला, की तुमचेही गेलेच पाहिजेत," हिराजीने घरातल्या बायकांना बजावलं होतं. घरची मतं खिशात टाकूनच तो सभेला आला. आईला विचारायचं राहिलंच.

लोकांना विचारूनच जुना धक्का नव्याने बांधायचा, म्हणून बंदर खात्याचे साहेब नकाशा घेऊन आले होते. पायऱ्यांशेजारी उतार करायचा की नाही, एवढंच ठरायचं होतं. उताराने हिराजीची होडी लावायची जागा जात होती. आईला मात्र गुडघे गेल्यापासून पायऱ्या उतरवत नव्हत्या. खाडीपलीकडचं लेकीचं घर दुरावलं होतं.

"उतार नको म्हणणारे?" साहेबांनी विचारलं.

हिराजीने मागे पाहिलं. म्हातारी पदर सावरत बसली होती. सुनाही तशाच.

"हवा म्हणणारे?"

म्हातारीचा हात वर गेला. पाठोपाठ सुनांचे, मग शेजारणींचे. उतार ठरला.

"आये, मी होडी कुठं लावू?"

"लाव लांब," म्हातारी म्हणाली. "तुझे पाय धड हायत."