पिशवीभर ताकद

डॉक्टरांनी माझी पिशवी टेबलावर उलटी केली. ताकदीच्या गोळ्यांच्या अकरा डब्या निघाल्या, शिवाय लाल टॉनिकची बाटली.

"रक्त कमी झालंय ना, म्हणून," मी पुटपुटलो.

"काका, तुमची किडनी कमजोर आहे. यातलं अ जीवनसत्त्व बाहेर पडत नाही, अंगात साठत जातं. मी एक साधी गोळी आणि रक्तवाढीचं इंजेक्शन लिहून दिलं होतं. ते घेतलंत?"

सुईला मी लहानपणापासून भितो. आणि ती गोळी इतकी बारीक होती, की तिच्यात काही दम असेल असं वाटलंच नाही. मी पंख्याकडे बघत बसलो.

"मग हे सगळं दिलं कुणी?"

"आमच्या गावच्या मेडिकलवाल्यानं. चाळीस वर्षांचा अनुभव आहे त्याला."

"त्याला एकदा आणून बसवा माझ्यासमोर," डॉक्टर तापले.

शेजारी बायको रिकाम्या पिशवीची घडी घालत होती. "बसलेत की," ती म्हणाली. "दुकान यांचंच आहे."

डॉक्टरांनी नवी चिठ्ठी लिहिली आणि मी पुढे केलेला हात टाळून तिच्याकडे दिली.

"काकू, औषधं दुसऱ्या दुकानातून घ्या."